अस्सल कल्पना : लागवड व निगा

सदर मार्गदर्शिका राहाता तालुक्यातील समस्त होतकरू कल्पकांसाठी, आणि त्यातही आमच्या दाजींसाठी, सिद्ध केली आहे. दाजी ती वाचतील अशी अपेक्षा नाही. ते वाचत बसत नाहीत, थेट सुरू करतात.

कलम पहिले. कल्पना सुचताच ‘आख्ख्या जिल्ह्यात कुणी केलं नाही’ असे जाहीर करू नये. आधी गाडीला किक मारून नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीपर्यंत एक चक्कर टाकावी. निम्म्या कल्पना तेवढ्यातच गळून पडतात. दाजींनी इमू पाळले, तेव्हा हा धंदा जिल्ह्यात कुणी करत नसल्याची खात्री त्यांना एका माणसाने दिली होती. तो इमूची पिल्ले विकत होता.

कलम दुसरे. नकलेला लाजू नये. कशाची करायची ते मात्र पारखून घ्यावे. राहात्याचा पेरू खायला लोक गाड्या थांबवतात, पण त्या बागांत सर्रास दिसणारा सरदार, म्हणजे जुना लखनौ-49, मुळात इथला नाहीच. लखनौहून आणलेल्या बियांची रोपे पुण्याच्या गणेशखिंडीत वाढवली, आणि 1927 साली डॉ. चीमा यांनी त्यांतून हा वाण निवडला. बीपासूनचा पेरू आईवर जाईलच असे नाही. बहुतेक रोपे सुमार निघतात, एखादेच अफलातून. ते हाती लागले की मग बी विसरायचे आणि दाब कलम किंवा गुटी करायची. बाग म्हणजे त्या एका झाडाच्या ओळीने उभ्या नकला, आणि त्याची कुणालाही लाज वाटत नाही. थोडक्यात, नवे हवे असेल तर बी भरपूर लावावे, पुष्कळ फळे चाखून थुंकावीत. शिंपी असो, मास्तर असो की लग्नपत्रिका छापणारा, यातून सुटका नाही. दाजी बी एकच लावतात आणि अंकुर दिसायच्या आत बोर्ड रंगवायला टाकतात.

कलम तिसरे. थुंकताना बी कुणाचे होते ते पाहू नये. स्वतःचे असले तरी थुंकावे.

कलम चौथे. ताण द्यावा. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेमध्ये बागेचे पाणी तोडतात. पाने पिवळी पडतात, गळतात, पाहणाऱ्याला वाटते बाग गेली. मग हलकी चाळणी, शेणखत, पाऊस, आणि झाड फुलाला येते. हलक्या रानात ताण थोडा, भारी रानात जास्त. झाड वाळवायचे नसते, एवढे भान हवे. दाजींच्या कल्पनेला मात्र रोज पाणी: सकाळी यूट्यूब, दुपारी व्हॉट्सअॅपचा ग्रुप, रात्री पुन्हा यूट्यूब. नुसता पाला.

कलम पाचवे. दोन जुन्या गोष्टी एकत्र आणाव्यात. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी तरी निराळे काय शोधले? गावोगाव पतसोसायट्या होत्या. श्रीरामपूरकडे हरेगाव, टिळकनगरला खासगी साखर कारखाने चालूच होते. ऊसही होताच. त्यांनी सोसायटी आणि कारखाना यांची गाठ घातली, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना सोबत घेतले, गावोगाव हिंडून शेअर्स गोळा केले, आणि 1950 साली प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला. पुढे अख्ख्या महाराष्ट्राने त्याची नक्कल केली. हे दाजींना सांगितले तर म्हणाले, ‘मग आपण सहकारी चहा काढू.’ यापुढे हे कलम त्यांच्यासमोर वाचू नये.

कलम सहावे. हे ताईकडून शिकावे. दाजींचे प्रयोग चालू असताना घर चाललेय ते अर्ध्या एकर पेरूवर. ताई रस्त्याकडेला कॅरेट मांडून बसते. गिऱ्हाईक आले की भाव सांगायच्या आधी विचारते, ‘कुठवर जायचंय?’ नाशिकच्या माणसाला पिवळा देते, मुंबईवाल्याला पोपटी, हैदराबादच्या गाडीला कडक हिरवा. ज्याचा पेरू त्याच्या घरी पोचून पिकतो. तीच गाडी पुढच्या वर्षी बरोबर तिच्याच कॅरेटपाशी थांबते. शेजारच्या ठेल्यांवर सगळा माल एकाच ढिगात, वरचे तेवढे चकचकीत.

न राहवून दाजींना म्हटले, ‘ताईचं डोकं बघा कसं चालतं.’

‘त्याला काय डोकं लागतंय?’ दाजी म्हणाले. ‘नुसतं विचारायचं.’