किल्लेदार

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या तुडीलमध्ये एक माणूस माती हुंगायला लागतो. अख्खा खाडीपट्टा त्या सुमारास भातकापणीच्या घाईत असतो. किल्लेदार काका मात्र बांधाबांधाने फिरतात, चिमूटभर माती बोटांत चोळतात आणि "ही ढासळणार" असा निकाल देऊन पुढच्या बांधाकडे वळतात. दिवाळीचा किल्ला पोरांनी करायचा असतो, हे त्यांना मान्य आहे. म्हणून तर ते पोरं जमवतात. पोरांनी माती वाहायची, चाळायची, पाणी आणायचं. किल्ल्याला हात लावायचा नाही.

किल्ला दरवर्षी रायगडच. खरा रायगड आपल्याच तालुक्यात, १९९६ पासून वर जायला रोपवेसुद्धा आहे, मग अंगणात पुन्हा तोच कशाला, असं एका चाकरमान्याने विचारलं होतं. "१८१८ साली इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागून त्याचं काय केलं ते बघून ये," काका म्हणाले. "आपला शाबूत आहे."

खाली विटा आणि जांभ्याचे तुकडे, त्यावर चिखलात बुडवलेली गोणपाटं, वरून चाळलेल्या मातीचा हात. सगळ्यात अवघड काम गोणपाटं मिळवण्याचं. ऐन झोडणीच्या दिवसांत काकी पोती मोजून ठेवतात.

"भात काय तुमच्या बालेकिल्ल्यात भरू?"

"भर की. धान्यकोठार आहेच तिथे."

या उत्तरानंतर दोन दिवस काकांचं जेवण किल्ल्यापाशीच होतं, असं ऐकलंय.

काकांची खरी कमाई म्हणजे महादरवाजा. रायगडाचा हा दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा वळवून घेतलाय, की खालून येणाऱ्याला तो सरळ दिसत नाही. काका तो बुरुजांच्या बेचक्यात चमच्याच्या दांड्याने, श्वास रोखून कोरतात. साहजिकच किल्ला बघायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "काका, दरवाजा राहिला वाटतं?" काका खुलतात. "शत्रूलाही असंच वाटायचं." गंगासागराला मात्र आरशाचा तुकडा चालत नाही, खरं पाणी लागतं. ते आंब्याच्या फांदीला टांगलेल्या बाटलीतून, सलाइनच्या नळीने थेंब थेंब येतं.

मुंबईच्या भाच्याने एकदा मोबाइलवर परदेशातले हौशी लोक दाखवले. टेबलावर लढाया खेळणारे, २८ मिलिमीटरचे शिपाई रंगवणारे, थर्माकोलचे डोंगर कातणारे. हा नाद तिकडेही जुनाच, एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर पुस्तकच लिहिलं होतं. काकांनी सगळं बारकाईने बघितलं. डोंगरांना मान डोलावली. हिरव्या रंगवलेल्या भुशाचं गवत बघितलं मात्र, आणि मोबाइल परत दिला. "म्हणजे हे उगवतच नाही?"

तेवढ्यात बोलण्यात माप आलं आणि घात झाला. तोवर काका बाजारातले तीन इंची मावळे मुकाट्याने लावत होते. मावळा महादरवाज्याहून उंच आणि सिंहासन जगदीश्वराच्या देवळाएवढं, हे महाराष्ट्राच्या अंगणाअंगणांत चालतं, कुणाचं काही बिघडत नाही. काकांनी कागद घेतला. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. तीन इंची मावळा शोभवायचा तर किल्ला निदान सव्वाशे फूट उंच हवा. माडावर माड उभा केला तरी पुरायचा नाही. उलट किल्ला तीन फुटीच ठेवला तर मावळा दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही.

"म्हणजे केवढा?" पोरांनी विचारलं.

"मोहरीएवढा," काका म्हणाले, आणि स्वतःच गप्प झाले.

त्यात २०२५ च्या जुलैत युनेस्कोने रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. आता हयगय परवडणार नव्हती. किल्ल्यालगतच्या दोरीवर कपडे वाळत घालायला बंदी झाली. पोरांचा प्लॅस्टिकचा वाघ हद्दपार झाला, "वाघ दरवाजा आहे ना, मग वाघ का नको?" ही रास्त तक्रार फेटाळली गेली. वसुबारसेला काकांनी काकींच्या डब्यातली मोहरी आणली आणि एकेक दाणा चिमट्याने तटावर, बुरुजांवर, होळीच्या माळावर नेमला. नगारखान्यापाशी दोन दाणे जरा मोठे होते, ते सरदार. उतारांवर अळीव पेरला होता, त्याला सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी चालूच होतं.

पाडव्याला सकाळी धाकटा पोरगा ओरडत आला, "काका, मावळे उगवले!"

अख्ख्या सैन्याला दोन-दोन पानं फुटली होती. सरदारांना जरा जास्तच. काकी ओटीवरून बघत म्हणाल्या, "फोडणीत टाकून मग नेमायचे होते." काका कात्री आणायला आत गेले, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या कोंबड्या महादरवाजा न शोधता थेट टकमक टोकावरून आत शिरल्या.

दुपारी किल्ला बघायला पाहुणे आले. गड तसा बचावला होता, गंगासागर भरलेला होता. एकाने वाकून विचारलं, "काका, मावळे नाही लावले या वर्षी?"

"सुरतेला गेलेत," काका म्हणाले.