फेरारीची मोटर, पंचविसाची मर्यादा

इलेक्ट्रिक सायकलीला अ‍ॅक्सिअल फ्लक्स मोटर बसवावी, ही सूचना जळगाव-धुळ्याने विनाविलंब स्वीकारावी. या चपट्या मोटरीत चुंबकीय प्रवाह आसाला समांतर वाहतो, म्हणून कमी वजनात जास्त टॉर्क मिळतो; फेरारीच्या एसएफ९० मध्ये हीच जात आहे. कोणी कायदा पुढे करील, की २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहिले तरच नोंदणीतून सूट. पण सामर्थ्य खुलते ते संयमात. पिठाच्या गिरणीला रेल्वेचे इंजिन जोडून ते हळू फिरवण्यातली शालीनता साध्या मोटरीला कुठून येणार? तापीकाठ सपाट, टॉर्क खर्चायला चढ नाहीत, हे मात्र खरे. ते जिल्हा नियोजनातून बांधता येतील.

उरला उन्हाचा आक्षेप. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो आणि निओडिमियमचे चुंबक फार तापले की दुबळे होतात. तेव्हा टाकी, पंप आणि रेडिएटर जोडावेत. वाचलेले वजन सन्मानाने परत येईल. जळगाव ते धुळे अंतर सुमारे ९० किलोमीटर. कायद्याच्या वेगाने, बॅटरी पुरलीच तर, साडेतीन तासांहून थोडे अधिक लागतील. साध्या हब मोटरीलाही तेवढेच लागतात.