मत मागायला निघालेला माणूस

खासगी शाळेच्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडत काढून निवडतात, हे माझी चिठ्ठी निघेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. २०११ चा फी नियमन कायदा तसं सांगतो म्हणे. माझ्या नावाची भिशीसुद्धा कायम शेवटीच लागते, पण ही चिठ्ठी मात्र पहिल्याच हाताला निघाली. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे कुणी निवडून दिलं नाही ना? मग ठीक."

समितीपुढे फीचा विषय यायचा होता. त्याआधी पालकांची आणि मुलांची शाळेबद्दलची मतं गोळा करायचं काम 'तुम्हाला वेळ असतो' एवढ्या एका गुणावर माझ्याकडे आलं. मी फॉर्म छापून घेतले आणि चांदवडच्या मार्केटाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो, कारण पालक तिथेच सापडतात. लिलावाला निघालेल्या एका पालकानं ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या 'शिक्षण दर्जेदार, फी वाजवी' असं झोकात लिहून दिलं, आणि दुपारी परत येताना तोच फॉर्म मागून घेतला, आधी 'वाजवी' खोडलं, थोडा विचार करून 'दर्जेदार'ही खोडलं आणि माझं पेन स्वतःच्या खिशाला लावून निघून गेला.

कांदा पडला होता.

अहवालात मी 'फीबाबतची मते त्या दिवशीच्या कांद्याच्या भावासह वाचावीत' अशी टीप घातली. ती काढायला लावली. मला अजूनही वाटतं, अख्ख्या अहवालात खरं असं तेवढंच होतं.

मग आयांची मतं घ्यायला शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. ज्या चांदवडात १९८६ साली शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला बायकांचा महासागर लोटला होता, तिथल्या बायकांना बोलतं करायला आपल्याला फॉर्म लागेल असं मला का वाटलं, देव जाणे. नातवाला न्यायला आलेल्या एका आजींनी फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. "मी त्या अधिवेशनाला होते भाऊ. तिथं आम्ही सरकारला प्रश्न विचारले, तू मला विचारतो व्हय? शाळेत पाण्याची टाकी कधी धुतली? मुलींच्या संडासाला कडी आहे का? बरं, ते ऱ्हाऊ दे, तुझं लेकरू कितवीला?"

"आठवीला," मी म्हणालो.

"नववीला," मागून माझी मुलगी म्हणाली.

मुलांची मतं निनावी घेतली. "सर अक्षर ओळखतात, मग निनावी कसं?" असं एका पोरानं विचारलं, त्याचं समाधान करताना मीच घाबरलो. बहुतेकांनी मैदान, गणिताचे जादा तास आणि दप्तराचं ओझं यांवर लिहिलं होतं. समितीच्या बैठकीत मी खड्या आवाजात एकेक कागद वाचू लागलो. 'शाळा चांगली आहे,' एका कागदावर होतं, 'पण काही पालक सारखे शाळेत येतात. त्यांना घरी काही काम द्यावे.'

सगळे मनापासून हसले, मीही हसलो, कागद पुढच्याला दिला, आणि देता देता अक्षराकडे नजर गेली.




घरी गेल्यावर मला गहू निवडायला बसवलं.