बिनकामाचं शून्य

कासारवाडीत नाशिक फाट्याच्या पुलाखाली वाट चुकलेला ट्रक निदान हॉर्न तरी वाजवतो. चूक झाली की प्रोसेसर ज्या कोडकडे उडी मारतो, त्या ट्रॅपच्या कोडमध्ये घोळावर घोळ झाला, की मशीन मुकाट्यानं रीबूट होतं. तरी त्या कोडची ‘साफसफाई’ करायचा उत्साह काही ओसरत नाही.

एक्स८६ प्रोसेसरवर १४ नंबरचा पेज फॉल्ट स्टॅकवर एरर कोड ठेवतो. ० नंबरचा, शून्यानं भागण्याचा, तसा कोड ठेवत नाही. म्हणून एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवणीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या एक्स८६ आवृत्तीत तिथं खोटं शून्य ढकलायचे, पुढची मांडणी एकसारखी राहावी यासाठी. साफसफाईवाल्याला नेमकं तेच शून्य कचरा वाटतं. कोड रिव्ह्यूत वाद कशावर? टॅब की स्पेस! शून्य गेल्याबद्दल मात्र एकमुखानं ‘छान दिसतंय’. शिवाय ओळी कमी केल्याची अप्रेझलमध्ये नोंद.