बंगला गार करायचा की माणसं?

चँडलर, ॲरिझोना
जुलै २०२५

ती. अण्णा आणि आईस साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, मागच्या रविवारी फोनवर दादा "कितीचा बसवला, किती टनाचा, बिल किती येतं" असं एका दमात विचारत होता, मागून अण्णा "आपल्याला बी तसाच पायजे म्हणावं" असं ओरडत होते, आणि तेवढ्यात उमापुरातली लाइट गेली. पाठोपाठ टॉवरही गेला. सेंट्रल एसीच्या चर्चेचा निकाल तिथेच लागला असं मला वाटलं होतं. पण रात्री दादाचा निरोप आला : "सविस्तर लिहून पाठव. अण्णा म्हणतात बोललेलं हवेत जातं, कागद इंजिनियरला दाखवता येतो." तर हा घ्या कागद.

विषय घरात सगळ्यांना माहीत आहेच. दादाच्या नव्या बंगल्याचा स्लॅब टाकून झाला, खाली-वर मिळून चार हजार फूट. गेवराईच्या एका सेंट्रल एसीवाल्या मंगल कार्यालयात भर मे महिन्यात अण्णांना शाल पांघरावी लागली, आणि तेव्हापासून त्यांना छतातून वारं हवं आहे. भिंतीला डबे लटकवलेले चालणार नाहीत. आम्ही नुकताच सेंट्रल एसी बदलला, म्हणून घरातले तज्ज्ञ आम्ही.

आधी इथलं सांगतो. फिनिक्सचा हा मुलूख म्हणजे बीडच्या मे महिन्याला सप्टेंबरपर्यंत दिलेली मुदतवाढ. २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस इथला पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्या वर्षी आमच्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याने ६४५ माणसं दगावली. म्हणून इथे एसीला कुणी चैन म्हणत नाही. फिनिक्स शहरात तर नियमच आहे : भाड्याच्या घरात एसी असेल तर मालकाने खोलीचं तापमान ८२ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण २८ अंशांपर्यंत ठेवायचं, कूलर असेल तर ३० अंशांपर्यंत. अण्णा, हे वाचून लगेच तलाठ्याकडे जाऊ नका, हा नियम आपल्याकडे लागू नाही.

आमचं मशीन घराबरोबरच आलेलं होतं. या भागात बऱ्याच घरांचं मशीन छतावर बसवलेलं असतं. जूनमध्ये त्याने मान टाकली. अण्णांचा फोनवरचा पहिला सल्ला होता, "गॅस भरून घे, नवा कशाला?" मीही तेच विचारलं. पण त्याचा कंप्रेसरच गेला होता. शिवाय जुन्या मशीनमध्ये ४१०-ए नावाचा गॅस असायचा, तो हवेत सुटला की पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारपट भारी. त्या गॅसची नवी घरगुती मशीन बनवणं इथे १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं. आता ४५४-बी नाहीतर ३२ नंबरचा गॅस. यात आनंदाची गोष्ट अशी की ३२ नंबर आपल्याकडच्या एसीत कधीचाच आलेला आहे. या एका बाबतीत गेवराईचा मेकॅनिक अमेरिकेच्या पुढे आहे, त्याला आवर्जून सांगा.

मग विक्रेते यायला लागले. पहिल्याने दारातूनच विचारलं, "किती फूट?" मी म्हटलं, साडेतीन हजार. त्याने मनातल्या मनात भागाकार केला आणि "दहा टन" सांगून मोकळा झाला. दुसरा शिडी लावून छतावर चढला, जुन्या मशीनवरची पट्टी वाचली आणि तेवढ्याच टनाचं कोटेशन देऊन गेला. तिसरा मात्र आपल्या गावच्या मोजणीदारासारखा कसून आला. त्याने खिडक्या मोजल्या, त्यांतल्या पश्चिमेच्या किती ते वेगळं लिहिलं, माळ्यावर जाऊन इन्सुलेशनमध्ये पट्टी खुपसून जाडी पाहिली, आणि शेवटी सूनबाईला विचारलं, "घरात माणसं किती?" तिला वाटलं जनगणनेचा माणूस. पण त्यालाही अर्थ आहे. माणूस नुसता बसून राहिला तरी जुन्या शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता टाकत असतो. या मोजणीला इथे मॅन्युअल जे म्हणतात. एसी कंत्राटदारांच्या संघटनेनेच ही पद्धत ठरवून दिली आहे, आणि बरेच कंत्राटदार तिच्या वाटेला जात नाहीत. तिसऱ्याचं उत्तर आलं आठ टन, खाली चार आणि वर चार. काम त्यालाच दिलं.

दादा म्हणेल, दहाच घ्यायचा, जास्तीचा कधीतरी कामी येतो. एसीच्या बाबतीत येत नाही. गरजेपेक्षा मोठं मशीन झटपट खोली गार करून बंद पडतं, थोड्या वेळाने परत सुरू, परत बंद. या उठाबशांनी कंप्रेसर झिजतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. अंग गार लागतं पण चिकचिकतं.

आणि अण्णा, आठ टन ऐकून तुम्ही "स्लॅबला पेलंल का?" असं विचारलं होतंत. एसीचा टन वजनाचा नसतो. पूर्वी गारवा बर्फाच्या लाद्यांनी विकत मिळायचा, तेव्हाचं हे माप आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता घराबाहेर फेकायची ताकद म्हणजे एक टन; तासाला १२,००० बीटीयू. त्यातही हा टन अमेरिकेचा, २,००० पौंडांचा. म्हणजे ९०७ किलो. टनामागे सरळ ९३ किलोचा काटा मारलेला. कारखान्याला ऊस घातलेल्या माणसाला यावर आणखी काय सांगायचं!

मशीन बसवायच्या दिवशी दारात क्रेन आली. जुनं धूड पट्ट्यांना लटकत छतावरून उचललं गेलं तेव्हा सगळी आळी बाहेर येऊन बघत होती. ते खाली टेकलं आणि बघतो तर मागच्या जाळीत होल्याचं घरटं : चार काड्या, एक वायरचा तुकडा, आणि आमच्या धाकट्याने हरवलेल्या पतंगाची शेपटी. घरटं रिकामं होतं म्हणून बरं. नाहीतर सूनबाईने क्रेन परत पाठवून पिल्लं उडेपर्यंत आम्हाला उकाड्यात ठेवलं असतं.

आता सेंट्रल एसीतली खरी गोम. मशीन छतावर, माणसं खोल्यांत, आणि मधे डक्ट. चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या या जाड नळ्या माळ्याच्या पोकळीतून जातात, आणि ती पोकळी उन्हाळ्यात ६५ अंशांपर्यंत तापते. म्हणजे हवा आधी पैसे देऊन गार करायची, मग भट्टीतून फिरवून आणायची. वर सांध्यांतून गळती वेगळीच. इथल्या सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाचा अंदाज असा की साध्या घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा वाटेतच गळून जाते. पैठणच्या उजव्या कालव्याला पाणी सुटल्यावर टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या थोरलीची खोली टेलला आहे. ती रोज तक्रार करते आणि मी तिला अगदी पाटबंधारे खात्याच्या सुरात सांगतो, "आवर्तन चालू आहे, पोहोचेल."

एवढा खटाटोप करून साडेतीन हजार फूट गार होतं, आणि बसतो आम्ही सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती. पाहुण्यांची खोली अहोरात्र २५ अंशांवर असते; तिच्यात दोन रिकाम्या सुटकेसी आणि गेल्या वर्षीचं गणपतीचं मखर सुखाने राहतात. आई इथे आली होती तेव्हा तर भर जूनमध्ये स्वेटर घालून अंगणात ऊन खायला बसायची. शेजारीण घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावत आली होती. आईने तिलाच बसवून घेतलं आणि शेंगदाण्याचा लाडू दिला.

हे सगळं सांगायचं कारण, सेंट्रल एसी घर गार करतो. उमापुरात आपल्याला माणसं गार करायची आहेत. हे हिशेब वेगळे आहेत.

पहिली अडचण दारांची. सेंट्रल एसीला दारं-खिडक्या बंद लागतात. आपल्या घराचं पुढचं दार पहाटे दुधाला उघडतं ते रात्री कुत्रं ओरडायचं थांबल्यावर लागतं. मधल्या वेळात सोसायटीचे चेअरमन, खताची पावती घेऊन आलेला कोणी, विरजण मागायला आलेली काकू आणि नुसताच "अण्णा हायेत का?" म्हणून डोकावणारे, असं अर्धं गाव येऊन जातं. त्यांना "दार लावून घ्या, एसी चालू आहे" असं सांगायला लागलं की दादाने पुढच्या पंचायतीला उभं राहायचा विचार सोडून द्यावा.

दुसरी अडचण विजेची. आठ-दहा टनांना चालताना दहा किलोवॅटच्या आसपास वीज लागते. गल्लीतली डीपी समजा ६३ केव्हीएची असली, तर एकट्या आपल्या घराने तिचा सहावा हिस्सा खाल्ला. मे महिन्यात रात्री डीपी जळाली की गाव कुणाच्या दारात येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

तिसरी गोष्ट जरा गंभीर. एसी उष्णता नाहीशी करत नाही, घरातली उचलून बाहेर टाकतो. २०१४ मध्ये इथल्याच ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हिशेब मांडला की, एसींनी बाहेर फेकलेल्या उष्णतेमुळे फिनिक्सच्या काही भागांत रात्रीचं तापमान एक अंशाहून जास्त वाढतं. आपल्या बंगल्याला लागून पत्र्याची घरं आहेत. ऊसतोडीहून आलेली माणसं उन्हाळ्यात तिथे बाजा टाकून अंगणात झोपतात. आपल्या घरातली गरमी त्यांच्या उशाशी सोडायची, हे आईला पटणार नाही आणि मलाही पटत नाही.

उंदीर, चिमण्या आणि कापसाच्या दिवसांत उडणारी धूळ यांनी डक्टमध्ये काय संसार थाटला असता, ते मी लिहीत नाही. वहिनी पत्र वाचणार आहे.

मग करायचं काय? आपला उन्हाळा कोरडा असतो, आणि कोरड्या उन्हाळ्याला कूलरसारखा सोबती नाही. एसी घरोघरी यायच्या आधी इथल्या लोकांनीही कूलरवरच दिवस काढले. अजून काही जुन्या घरांवर ते दिसतात. फक्त जुलैत इथेही पावसाळी हवा येते, त्याला हे लोक मॉन्सूनच म्हणतात, आणि मग कूलर आपल्या आषाढातल्यासारखाच नुसती ओली हवा फेकत बसतो. दुसरं म्हणजे पाणी. मोठा कूलर दिवसाला चार-पाच घागरी सहज पितो. टँकरच्या वर्षी त्याला पाजायचं की म्हशीला, हा निवाडा आईने करावा.

म्हणून दादासाठी क्रमवार लिहितो, इंजिनियरला हाच भाग दाखव.

एक, आधी ऊन अडव, मग गारव्याचं बघ. गच्चीवर पांढरा चुना किंवा पांढरं कोटिंग मार. पश्चिमेच्या भिंतीला मोठ्या काचा नकोत. ज्या काढल्या आहेत त्यांवर चांगला हातभर सज्जा घे. आपल्या जुन्या घराच्या माळवदाखाली मे महिन्यातही दुपारी झोप लागायची, ती मातीच्या जाडीमुळे. संभाजीनगरला पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनात गेला होतास ना? डोक्यावर पाण्याचा हौद, खाली गारवा, कित्येक पिढ्यांपासून बिल शून्य.

दोन, हॉलला आणि माजघराला कूलर आणि पंखे. अण्णांना छतातून वारं हवं आहे; पंख्याचं वारं छतातूनच येतं.

तीन, झोपायच्या खोल्यांपुरते इन्व्हर्टर स्प्लिट एसी. दीड टनाचा एक अण्णा-आईंच्या खोलीत सगळ्यात आधी. बाकी खोल्यांत आत्ता मशीन घेऊ नको, पण प्लास्टरच्या आधी तांब्याच्या पाइपची, वायरची आणि पाणी निचऱ्याची वाट भिंतीत करून ठेव. नंतर भिंती फोडायला दुप्पट पैसे जातात. निचऱ्याच्या नळीला उतार दे. ते पाणी बादलीत धरलं तर तुळशीला होईल.

चार, मशीन घेण्याआधी वीज ऑफिसात अर्ज करून मंजूर भार वाढवून घे. अर्थिंग नीट कर. स्टॅबिलायझर घे.

पाच, रिमोट अण्णांच्या हाती देऊ नको. जानेवारी २०२० पासून आपल्याकडचे स्टारवाले एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतात, त्याला कारण आहे. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. अण्णा अठरावर आणून, वरून गोधडी घेऊन झोपतील.

बाकी सर्व क्षेम. सूनबाईचा आणि पोरांचा नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. दादा, खोल्यांची आणि खिडक्यांची मापं, कोणती खिडकी कोणत्या दिशेला तेही लिहून पाठव. मॅन्युअल जेचं गणित मी इथून करून देतो. फक्त "घरात माणसं किती" या रकान्यात काय भरू, ते अण्णांना विचारून कळव. रात्री झोपायला असतात तेवढी, की दुपारी जेवायला असतात तेवढी? अर्ध्या टनाचा फरक पडतोय.