निव्वळराव

आमच्या सोसायटीत ज्यांना पाठीमागे सर्वजण 'निव्वळराव' म्हणतात, आणि हे नामाभिधान कानांवर येऊनही ज्यांनी त्याबद्दल कधी हरकत नोंदविली नाही, ते गृहस्थ पस्तीस वर्षे सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यात काढून सन्मानाने निवृत्त झाले. परंतु दुसऱ्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या रक्तातील साखरेबद्दल चिंता व्यक्त केली आणि खात्याने काढून घेतलेली लाल शाई नियतीने त्यांच्या हाती परत दिली. फरक इतकाच, की पूर्वी ते इतरांच्या वजावटी नामंजूर करीत, आणि आता स्वतःच्या मंजूर करतात.

त्यांचे तत्त्वज्ञान थोडक्यात असे. जमिनीचे ढोबळ उत्पन्न आणि बी-बियाणे, मजुरी वजा जाता हाती उरणारे निव्वळ उत्पन्न यांत जो भेद, तोच अन्नातील कर्बोदकांतही मानावा. तंतुमय भाग पचून त्याची साखर होत नाही, सबब तो खर्ची धरू नये. साखरेऐवजी घातलेल्या एरिथ्रिटॉलला पूर्ण सूट द्यावी, माल्टिटॉलला निम्मी. यात शास्त्र नाही असे मी म्हणत नाही. पण या 'नेट कार्ब' नामक शब्दाची कायदेशीर व्याख्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही केलेली नाही, आणि ज्या माणसाने हयातभर जावक क्रमांक नसलेला कागद टेबलावरून पुढे सरकू दिला नाही, त्याने या बेवारशी शब्दाच्या भरवशावर दोन्ही वेळचे जेवण चालवावे, याचे मला राहून राहून नवल वाटते. (तिसऱ्या मजल्यावर एक ढोबळवादीही राहतात. ते मेथीच्या जुडीतले तंतूसुद्धा खर्ची टाकतात, आणि म्हणून भाजी खाताना अपराधी दिसतात. दोघांचे बोलणे सध्या बंद आहे.)

एके रात्री निव्वळरावांनी मला आग्रहाने जेवायला ठेवून घेतले. ओट्यावर वजनकाटा होता. वहिनींनी परातीत पीठ घेण्यापूर्वी ते त्यावर तोलले, काटा ५० वर स्थिरावला तशी निव्वळरावांनी मान हलविली, आणि मगच भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले अन्नघटकांचे तक्ते पाटाशेजारी उघडेच होते. त्यात १०० ग्रॅम बाजरीस कर्बोदके ६१.७८ व तंतू ११.४९, तेव्हा दोन भाकऱ्यांचे ढोबळ ६१.७८, वजा तंतू ११.४९, निव्वळ ५०.२९, असे त्यांनी वहीत मांडले, खाली दुहेरी रेघ ओढली, आणि वाचलेल्या अकरा ग्रॅमांच्या शिलकेतून चांगला सुपारीएवढा गुळाचा खडा तुपासह ताटात मंजूर करून घेतला.

दोन वर्षे हा कारभार बिनबोभाट चालला होता. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी मात्र खाली येत नव्हती, त्याचा ठपका त्यांनी प्रयोगशाळेच्या यंत्रावर ठेवला होता.

मी पडलो प्राथमिक शाळेचा मास्तर. मला बेरजेपलीकडचे गणित झेपत नाही. वहिनी दुसरी भाकरी भाजेपर्यंत मी सहज त्या ओळीतले आकडे मिळवीत बसलो : ओलावा ८.९७, प्रथिने १०.९६, स्निग्धांश ५.४३, राख १.३७, तंतू ११.४९, कर्बोदके ६१.७८. बेरीज बरोबर शंभर. म्हणजे तंतू आधीच बाजूला काढून कर्बोदकांचा आकडा दिलेला होता, आणि निव्वळराव निव्वळातूनच पुन्हा वजावट घेत होते. अमेरिकन वेष्टनावरच्या एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, तेथे ही वजाबाकी चालते. युरोपातल्या वेष्टनावर ते निराळे दाखवितात, तेथे ती चालत नाही. आणि आमचे हैदराबाद या बाबतीत युरोपच्या बाजूचे निघाले.

मी वही त्यांच्यापुढे सरकविली. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, पुन्हा खाली घेतला, ताळा दोनदा करून पाहिला. दुबार वजावट! ज्या गुन्ह्यासाठी त्यांनी किती कारकुनांना घाम फोडला असेल, तो त्यांच्याच हस्ताक्षरात, दुहेरी रेघेनिशी, समोर पडला होता.

"म्हणजे दोन वर्षं गूळ फुकटच खाल्ला म्हणायचा," वहिनी तव्यावरची नजर न हलविता म्हणाल्या.

"मागील बाब मुदतबाह्य आहे," निव्वळराव म्हणाले, आणि मुकाट्याने जेवू लागले.

दुसऱ्या दिवसापासून भाकरीचे पीठ ४० ग्रॅमांवर आले. तंतूंची वजावट लाल शाईने रद्द झाली. गुळाचा खडा मात्र 'पूर्वापार वहिवाट' या नव्या सदराखाली कायम आहे.