काटा जागचा हलेना

लो-कार्ब सुरू केलेल्या माणसाचे पहिले पंधरा दिवस पाहण्यासारखे असतात. पोळी, भात, साखर आणि बटाटा या चौघांना त्यानं घराबाहेर काढलेलं असतं आणि वजनकाटा रोज सकाळी नवी खूशखबर देत असतो. तीन किलो उतरले की त्याला कंठ फुटतो. शेजारच्याच्या डब्यातल्या पोळीकडे बघून तो सुस्कारा टाकतो, ‘विष आहे रे ते!’ पँट सैल झाल्याचं दाखवायला पट्ट्यात अंगठा खुपसून उभा राहतो.

आणि मग एके दिवशी काटा ठाण मांडून बसतो. आज तोच आकडा, उद्या तोच, पुढच्या आठवड्यातही तोच. फरशी सपाट नसेल म्हणून हा काटा हॉलमधून बेडरूममध्ये नेतो. सेल बदलतो. हातातलं घड्याळ काढतो, चष्मा काढतो, मग आकडा दिसेना म्हणून चष्मा पुन्हा घालतो. आकडा ढिम्म!

खरं तर पहिल्या तीन किलोंनीच त्याला चढवून ठेवलेलं असतं. खाल्लेल्या पिष्टातली काही साखर यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन करून साठवतात, साधारण अर्धा किलोपर्यंत. आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. पोळीभात बंद झाला की हा साठा उतरतो आणि पाणीही वाहून जातं. चरबीचं काम त्यानंतर कुठे नीट दिसू लागतं, आणि तिला कसलीच घाई नसते.

काटा अडला की सल्लागारांना ऊत येतो. कोणी जिऱ्याचं पाणी सांगतं, कोणी कोमट पाण्यात लिंबू-मध, जणू मध साखरेच्या गावचाच नाही. महाराष्ट्रात तर दीक्षित की दिवेकर हा दोन आहारगुरूंचा वाद एके काळी घराघरांत रंगला. एक पंथ म्हणतो दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत उरका. दुसरा म्हणतो दर दोन तासांनी थोडं थोडं खा. काही धोरणी मंडळी दोन्ही पाळतात: दोनदा पोटभर, आणि मधे दर दोन तासांनी.

इकडे शरीर आपल्या चालीनं चाललेलं असतं. ते सोसायटीच्या चिकट खजिनदारासारखं आहे. जमा घटली की तो सभा बोलावत नाही, गुपचूप जिन्यातले दिवे बंद करतो. आपला पाय हलायचा थांबतो, पाण्यासाठी उठायचं ते ‘जरा आण रे’ होतं, आणि यातलं काही आपल्या लक्षातही येत नाही. शिवाय अंगच हलकं झालेलं, त्यामुळे तेच दोन जिने चढायला आता कमी इंधन लागतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अन्सेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. वजन जितकं उतरलं त्या मानानंही त्यांच्या शरीराचा खर्च जास्तच घटला. त्यांच्या ताटात ब्रेड आणि बटाटे होते, म्हणजे ही काटकसर काही लो-कार्बवाल्यांपुरती नाही. गंमत म्हणजे त्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. रात्री अंथरुणात पुरणपोळीचे व्हिडिओ बघणाऱ्यानं उगाच लाजू नये.

दुसरा हिशेब स्वयंपाकघरातला. पोळी गेली, पण ढोबळी मिरचीला पीठ पेरलेलं असतंच. ‘ज्वारीचीच आहे’ म्हणून भाकरी चालते, पण पिष्ट म्हणाल तर ज्वारी गव्हाच्या फार मागे नाही. कोशिंबिरीत दाण्याचं कूट पडतं, भाजीत पडतं, आणि डब्याचं झाकण उघडंच आहे म्हणून एक चमचा तोंडातही पडतो. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. दाणे लो-कार्बमध्ये बसतात हे खरं, पण पोटातही बसतातच. एकादशीची तर बातच नको. साबुदाणा, रताळं, बटाटा: घराबाहेर काढलेली सगळी मंडळी उपवासाच्या निमित्तानं परत, तीही पुण्य पदरात घालत.

तेव्हा इलाज अगदीच बिनरंगाचे आहेत. आठवडाभर तोंडात गेलेलं सगळं लिहून काढावं, कुटाच्या चमच्यासकट. अंडी, मासे, पनीर ताटात पुरेसं असावं. थोडं वजन उचलावं, जेवल्यावर चालावं, वेळेवर झोपावं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर पथ्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावेत. आणि काट्याशी बोलणं बंद ठेवून कमरेला टेप लावावा. कधी कधी काटा हलत नाही, पण कंबर हललेली असते.

मला तर वाटतं, या थांब्याला आपण फारच नावं ठेवतो. वजन उतरवणं काही महिन्यांचं काम, ते राखणं जन्माचं. जितकं खाल्लं तितकं खर्च होतंय, आकडा वर नाही नि खाली नाही, हेच तर पुढे आयुष्यभर करायचं आहे. ते इथे चिडचिड न करता जमलं नाही, तर आणखी पाच किलो उतरून तरी कुठे जमणार? भेटणारे विचारतीलच, ‘काय, थांबलं वाटतं?’ खुशाल सांगावं, ‘हो, मीच थांबवलंय.’ निम्मं तरी ते खरं असतं.